न मागितलेल्या कर्जाचा अलर्ट आला तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रात्री साडेनऊला मोबाइलवर मेसेज आला की एका फायनान्स कंपनीने तुमचा क्रेडिट रिपोर्ट पाहिला. तुम्ही कुठेही कर्ज मागितलेलं नाही आणि त्या कंपनीचं नावही पहिल्यांदाच ऐकताय. सकाळी ॲप उघडलं तर स्कोअर २२ ने उतरलेला. ही फसवणूक आहे का, तक्रार कुठे करायची आणि पैसे भरून मॉनिटरिंगची, म्हणजे रिपोर्टवर सतत नजर ठेवणारी, सेवा घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं बँकेच्या किरकोळ कर्ज विभागात काढली आणि आता लोकांच्या रिपोर्टमधल्या चुका दुरुस्त करून घ्यायला मदत करते. म्हणून एक गोष्ट आधीच सांगते, कारण बहुतेकांचा वेळ इथेच वाया जातो. अलर्ट पाठवतो ब्युरो, म्हणजे लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणारी क्रेडिट माहिती कंपनी, पण रिपोर्टमध्ये काय राहील आणि काय निघेल हे कर्ज देणारी संस्था ठरवते. सिबिल किंवा दुसरा कुठलाही ब्युरो स्वतःच्या मनाने त्यातली एक नोंदही बदलू शकत नाही. क्रेडिट माहिती कंपन्यांच्या २००५ च्या कायद्यातच तसं लिहिलंय: संबंधित संस्थेने दुरुस्ती बरोबर असल्याचं प्रमाणित केलं, तरच ती करायची. लोक ब्युरोच्या हेल्पलाइनवर तासन्‌तास घालवतात आणि ज्या कंपनीने चौकशी केली, म्हणजे रिपोर्ट मागवून पाहिला, तिला साधा मेलही पाठवत नाहीत. तुमचा पहिला मेल त्या कंपनीला गेला पाहिजे. ब्युरोकडची तक्रार त्याच दिवशी, पण त्यानंतर.

मेल करायच्या आधी मेसेज खरा आहे का ते बघा. रिझर्व्ह बँकेने २६ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने ब्युरोंना बंधन घातलं की एखाद्या संस्थेने ग्राहकाचा रिपोर्ट पाहिला, तर ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेलने कळवायचं. म्हणजे असे मेसेज येणं हे आता नेहमीचं आहे. ते नेहमीचं झाल्यामुळेच भामटे तशाच धाटणीचे खोटे मेसेज पाठवतात. खरा अलर्ट फक्त माहिती देतो. तो तुमच्याकडून ओटीपी, कार्डाचा नंबर किंवा पॅन मागत नाही आणि २४ तासांची मुदतही घालत नाही. मेसेजमधली लिंक उघडायचीच नाही. ब्युरोच्या वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करून लॉग-इन करा, रिपोर्ट उतरवून घ्या आणि चौकश्यांचा भाग काढा. तिथे एका ओळीत संस्थेचं नाव, तारीख, कर्जाचा प्रकार आणि रक्कम दिलेली असते. ती ओळ दिसली तर मेसेज खरा.

इथे एक घोळ होतो. आपण सगळ्यालाच सरसकट सिबिल म्हणतो, पण देशात चार ब्युरो आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २०१५ पासून प्रत्येक बँकेला आणि फायनान्स कंपनीला चारही ठिकाणी सभासद व्हावं लागतं आणि कर्जखात्यांची माहिती चारही ठिकाणी द्यावी लागते. पण अर्ज आल्यावर रिपोर्ट बघताना कंपनी त्यातल्या एखाद्या-दोन ब्युरोंनाच विचारते. त्यामुळे एक्सपेरियनकडे झालेली चौकशी सिबिलच्या रिपोर्टमध्ये शोधून सापडणार नाही, आणि ‘माझ्या रिपोर्टमध्ये तर काहीच नाही’ म्हणून माणूस निश्चिंत होतो. मेसेज ज्या ब्युरोचा आहे, त्याच ब्युरोचा रिपोर्ट बघा.

ओळ सापडली, नाव अनोळखी आहे. आता घाबरण्याआधी गेले आठ-दहा दिवस आठवा. माझ्याकडे येणाऱ्या ‘अनोळखी’ चौकश्यांचा उगम बहुतेक वेळा एखाद्या दुकानाच्या काउंटरवर निघतो. मोबाइल किंवा फ्रिज बघायला गेलात, विक्रेता म्हणाला, ‘हप्त्यावर बसतंय का बघू, फक्त चेक करतो.’ पॅन नंबर घेतला, तुमच्या मोबाइलवर ओटीपी आला, तो तुम्ही सांगितला. तो ओटीपी म्हणजेच रिपोर्ट बघायला तुम्ही दिलेली संमती. एका कंपनीने नाही म्हटलं की विक्रेता दुसरीकडे, मग तिसरीकडे अर्ज टाकतो. तुम्ही वस्तू न घेता घरी येता आणि रिपोर्टमध्ये तीन चौकश्या बसलेल्या असतात. गाडीच्या शोरूममध्ये आणि कर्ज मिळवून देणाऱ्या एजंटांकडेही हेच चालतं.

नाव अनोळखी वाटण्याचं दुसरं कारण म्हणजे ॲपचं नाव एक आणि कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव दुसरं. ‘आत्ता घ्या, पुढच्या महिन्यात पैसे द्या’ अशी सोय तुम्ही खरेदीच्या ॲपवर चालू केली असेल, तर ती रीतसर कर्जाची सोय असते आणि तिच्यामागे कुठली तरी एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेली पण कर्ज देणारी वित्त कंपनी, असते. रिपोर्टमध्ये तिचं नाव येतं, ॲपचं नाही. त्या ॲपमध्ये नियम-अटींच्या पानावर कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव दिलेलं असतं. ते जुळवून बघा. घरातल्या माणसांनाही विचारा. मुलाने तुमच्या मोबाइलवरून, तुमच्या पॅनवर काही घेतलेलं असणं अशक्य नाही, आणि हे पोलिसांत जाण्याआधी कळलेलं बरं.

एवढं करूनही धागा लागला नाही, तर कुणीतरी तुमच्या नावाने अर्ज केलाय असं धरून चाला. आता वेळेला महत्त्व आहे. ऑनलाइन कर्जात चौकशी, केवायसी, ई-स्वाक्षरी, हप्त्याचा मँडेट (हप्ता खात्यातून आपोआप कापायची परवानगी) आणि खात्यात पैसे हा सगळा प्रवास काही मिनिटांतही उरकतो. मात्र कागदपत्रांत काही अडलं, तर अर्ज दोन-चार दिवस पडून राहतो. चौकशीचा अलर्ट मिळाला म्हणजे कर्ज झालंच असं नाही. बऱ्याचदा ते अजून थांबवता येतं. नवं खातं उघडल्याचा अलर्ट आला, तर मात्र पैसे गेलेले असतात.

मेल लिहिण्याआधी चार गोष्टी तपासा, कारण त्यावरून चोराच्या हाती काय काय लागलंय याचा अंदाज येतो. तुमच्या मोबाइलला रेंज आहे का? अचानक नेटवर्क गेलं असेल आणि शेजारच्याचं चालू असेल, तर कुणी तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढलं असण्याची शक्यता आहे. मग कर्ज राहू द्या, आधी मोबाइल कंपनीला गाठा आणि बँकेला कळवून व्यवहार थांबवा. मेसेज आणि ईमेलच्या स्पॅममध्ये न मागितलेले ओटीपी, ई-स्वाक्षरीचे दुवे किंवा ‘तुमचा अर्ज मिळाला’ असं काही पडलंय का? बँक खात्यात कुठून तरी एक रुपया जमा झालाय का? खातं चालू आहे आणि नाव जुळतंय हे बघायला कंपन्या असा एक रुपया पाठवतात. तो तुमच्या खात्यात आला असेल, तर अर्जात तुमचाच खाते क्रमांक दिलाय. आला नसेल आणि तरीही अर्ज पुढे सरकत असेल, तर पैसे दुसऱ्याच खात्यात जायची तयारी चाललीय.

चौथी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: रिपोर्टमधला संपर्काचा भाग. तिथे तुमचे पत्ते, मोबाइल नंबर आणि ईमेल असतात, आणि ते तुमच्या वेगवेगळ्या अर्जांतून तिथे आलेले असतात. चोराने अर्जात स्वतःचा मोबाइल नंबर घातला असेल, तर तो नंबर तुमच्या रिपोर्टमध्ये येऊन बसू शकतो. पुढचे अलर्ट मग कुणाला जातील याचा विचार करा. म्हणून ‘तुमच्या रिपोर्टमध्ये नवा मोबाइल नंबर जोडला गेला’ किंवा ‘पत्ता बदलला’ असा अलर्ट लोक न वाचता पुसून टाकतात तेव्हा मला वाईट वाटतं. स्कोअर पाच अंकांनी हलला तर जीव कासावीस होतो आणि अनोळखी नंबर जोडला गेला तर ‘काही तरी तांत्रिक असेल’ म्हणून सोडून देतात. खरं तर उलट हवं.

आता मेल. कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल दिलेला असतो. गूगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून पहिला नंबर फिरवू नका, तिथे खोट्या नंबरांचा सुळसुळाट आहे. फोन केलात तरी मेल हवाच, कारण पुढे प्रत्येक पायरीवर तारखेचा पुरावा लागतो. मी लोकांना साधारण असा मजकूर लिहायला सांगते:

‘आपल्या कंपनीने अमुक तारखेला अमुक ब्युरोकडून माझा क्रेडिट रिपोर्ट मागवल्याचं मला कळलं. मी आपल्याकडे कोणत्याही कर्जासाठी अर्ज केलेला नाही आणि रिपोर्ट पाहण्यास संमती दिलेली नाही. माझ्या नावाने आलेला अर्ज त्वरित थांबवावा आणि कोणतीही रक्कम वितरित करू नये. अर्जाचा क्रमांक, त्यात दिलेला मोबाइल नंबर व ईमेल, केवायसीसाठी घेतलेली कागदपत्रं आणि छायाचित्र, रक्कम जमा करण्यासाठी दिलेलं बँक खातं आणि अर्ज ज्या ॲपमधून किंवा एजंटाकडून आला त्याचं नाव मला कळवावं. ही चौकशी माझ्या रिपोर्टमधून काढण्यासाठी चारही क्रेडिट ब्युरोंना कळवावं आणि तसं केल्याचं मला लेखी द्यावं.’

सोबत रिपोर्टचं ते पान जोडा, पॅनची अक्षरं-आकडे अर्धे झाकून. पूर्ण आधारची प्रत जोडायची गरज नाही, मास्क केलेलं आधार पुरतं. कंपनीने माहिती द्यायला का-कू केली तरी हरकत नाही. तुम्ही मागितली होती आणि त्यांनी दिली नाही, ही नोंदही पुढे कामाला येते. ‘काही नाही हो, सिस्टिम एरर आहे, दुर्लक्ष करा’ असं फोनवर सांगितलं, तर तेच मेलवर मागा.

मेल गेला की ब्युरोच्या वेबसाइटवर डिस्प्यूट, म्हणजे चुकीच्या नोंदीबद्दलची तक्रार, टाका. तो फुकट असतो. रिपोर्टवर वरच्या बाजूला असलेला कंट्रोल नंबर घालावा लागतो, चुकीची ओळ निवडायची आणि ‘ही चौकशी माझी नाही’ किंवा ‘हे खातं माझं नाही’ असं कारण द्यायचं. ब्युरो ते कंपनीकडे पाठवतो. तुमचा मेल तिथे आधीच पोहोचलेला असेल, तर तिथल्या माणसाच्या टेबलावर दोन्ही कागद एकत्र येतात आणि काम लवकर हलतं. ‘सिबिल क्लिअर करून देतो’ म्हणणारे एजंट हजारो रुपये घेऊन नेमकं हेच करतात. त्यांच्याकडे वेगळा कुठलाही दरवाजा नाही. खरी थकबाकी कुणीही पुसून देऊ शकत नाही, आणि तुमचा पॅन, लॉग-इन आणि ओटीपी त्यांच्या हाती देणं म्हणजे नव्या संकटाला आमंत्रण.

पोलिसांत जायचं का? माझं मत सांगते. नुसती चौकशी झाली आणि कंपनीने अर्ज नाकारल्याचं किंवा बंद केल्याचं लेखी दिलं, तर मेल आणि डिस्प्यूट पुरतो. पंधरा-वीस दिवसांनी चारही रिपोर्ट पुन्हा बघा. पण तुमच्या नावावर खातं उघडलं गेलं असेल, तर एक दिवसही थांबू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. कर्जाचे पैसे ज्या खात्यात गेले ते खातं गोठवायची संधी पहिल्या काही तासांतच असते. त्यानंतर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दुसऱ्याची ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली आणि संगणक वापरून तोतयेगिरीने फसवणं ६६ ड खाली गुन्हा आहे. त्या तक्रारीचा क्रमांक कंपनीला दुसऱ्या मेलने कळवा. वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले, की हाच क्रमांक त्यांना सांगायचा, हुज्जत घालायची नाही. आणि ‘कटकट नको’ म्हणून एखादा हप्ता भरून टाकायचा तर मुळीच नाही. भरलात तर कर्ज तुम्ही मान्य केलंत असं म्हणायला त्यांना जागा मिळते.

कधीकधी उलटं होतं. न मागितलेलं कर्ज तुमच्याच खात्यात येऊन पडतं आणि मग फोन येतो: ‘चुकून आलेत, या यूपीआयवर परत पाठवा.’ पाठवू नका. फोन करणारा कंपनीचा असेलच असं नाही. तसं केलंत तर पैसे चोराला जातात आणि कर्ज तुमच्या नावावर राहतं. रक्कम खात्यात तशीच ठेवा, खर्च करू नका, तुमच्या बँकेला आणि कर्ज देणाऱ्या कंपनीला मेल करा आणि कंपनीने अधिकृत मेलवरून दिलेल्या तिच्या कर्जखात्यातच रक्कम परत करा. कर्ज रद्द झाल्याचं पत्र घेतल्याशिवाय विषय संपला असं समजू नका.

मुदतीबद्दल. तक्रार दिल्यापासून ३० दिवसांत तिचा निकाल लागला पाहिजे. त्यातले २१ दिवस कंपनीचे: तेवढ्यात तिने ब्युरोला दुरुस्त माहिती पाठवायची. ३० दिवस उलटले की पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. उशीर कंपनीचा असेल तर कंपनीने द्यायची, कंपनीने वेळेत पाठवूनही ब्युरोने दुरुस्ती केली नसेल तर ब्युरोने. ही चौकट २०२४ च्या एप्रिलअखेरीपासून लागू आहे. रक्कम मोठी नाही, पण तक्रारीचा मेल लिहिताना या भरपाईचा उल्लेख एका वाक्यात केला की तक्रारीकडे बघण्याची समोरच्याची घाई वाढते, असा माझा अनुभव आहे. भरपाई तक्रार मिटल्यावर पाच कामकाजी दिवसांत खात्यात यायला हवी, त्यासाठी ब्युरोकडे डिस्प्यूट टाकताना खात्याचा तपशील विचारला तर फक्त वेबसाइटवरच्या अधिकृत अर्जातच भरा. ३० दिवसांत उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, ऑनलाइन तक्रार करता येते. तीही फुकट. १ सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट ब्युरोसुद्धा लोकपालाच्या कक्षेत आहेत. लोकपालाकडे पहिला प्रश्न येतो तो ‘आधी संस्थेकडे लेखी तक्रार केली होती का’ हाच. म्हणून मेलचा एवढा आग्रह धरला.

तुम्ही चौकशीबद्दल विचारलंय, पण पुढेमागे दुसऱ्या प्रकारचे अलर्टही येतील. त्यातल्या दोघांबद्दल लिहिते.

नवं खातं उघडल्याचा अलर्ट, नाव अनोळखी, पण चोरी नाही, असंही होतं. कंपन्या आपली कर्जं दुसऱ्या कंपनीला विकतात. काही कर्जांत बँक आणि एनबीएफसी दोघींचा वाटा असतो, तेव्हा एकाच कर्जाच्या दोन नोंदी दिसतात. विलीनीकरणातही नाव बदलतं: १ जुलै २०२३ रोजी एचडीएफसी लिमिटेड एचडीएफसी बँकेत विलीन झाली आणि लाखो गृहकर्जं बँकेच्या नावावर गेली. अशा वेळी कर्ज सुरू झाल्याची तारीख आणि मंजूर रक्कम बघा. ती तुमच्या जुन्या कर्जाशी तंतोतंत जुळत असेल, तर नवं कर्ज झालेलं नाही. मात्र जुनी नोंद बंद झालीय ना, हे तपासायला विसरू नका, नाहीतर कर्जाचा आकडा दुप्पट दिसतो आणि पुढच्या अर्जाच्या वेळी बँक तो आकडा धरून बसते.

दुसरा म्हणजे थकबाकीचा अलर्ट. कर्ज देणाऱ्या संस्थेने ब्युरोला थकबाकी कळवताना ग्राहकालाही मेसेज पाठवायचा, असं २०२३ च्या त्याच परिपत्रकात आहे. हा मेसेज आला की आधी हप्त्याच्या खात्याचा उतारा काढा. हप्त्याची तारीख ५, पगार ७ ला, आणि मधल्या दोन दिवसांत मँडेट परत गेला, हे नेहमीचं कारण. खातं बदललं आणि मँडेट जुन्याच खात्यावर राहिला, हे दुसरं. क्रेडिट कार्डाला थोडी सवलत आहे: देय तारीख उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाल्यावरच कार्ड कंपनी ते खातं थकीत म्हणून कळवू शकते. पण एकदा तीन दिवस उलटले की थकीत दिवस मूळ देय तारखेपासूनच मोजले जातात.

थकबाकीच्या अलर्टमध्ये मला सगळ्यांत जास्त दुःखी माणसं भेटतात ती जामीनदार. मेव्हण्याच्या ट्रॅक्टरला किंवा मित्राच्या दुकानाच्या कर्जाला सही केलेली असते, सही केल्याचं विसरूनही गेलेले असतात. आणि मग स्वतःच्या घराच्या कर्जाचा अर्ज अडकतो. रिपोर्टमध्ये त्या खात्यासमोर मालकीच्या रकान्यात ‘गॅरंटर’ लिहिलेलं असतं. हे डिस्प्यूट टाकून निघत नाही, कारण नोंद खरी आहे. बँकेला भेटून किती हप्ते थकलेत ते लेखी घ्या, कर्जदाराशी बोला आणि ते खातं नियमित करायचा मार्ग काढा. कर्जदार तडजोड करून कमी रकमेत कर्ज मिटवतो म्हणाला, तर तुमच्या रिपोर्टवर काय लिहिलं जाईल ते बँकेला आधी विचारा. ‘सेटल्ड’ हा शेरा ‘क्लोज्ड’पेक्षा वाईट असतो आणि पुढच्या कर्जदात्याला तो दिसतो. पूर्ण फेड झाली की बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नसल्याचं पत्र, घ्या आणि तो जपून ठेवा.

आता तुमचे उतरलेले २२ अंक. आपण कर्ज मागितल्यावर संस्था रिपोर्ट बघते, त्या चौकशीने स्कोअर थोडा उतरतो. स्वतःचा रिपोर्ट स्वतः कितीही वेळा बघा, त्याने उतरत नाही. एका चौकशीने २२ अंक जाणं शक्य असलं, तरी त्यासोबत आणखी काही झालंय का बघा. बहुतेकदा ते कार्डाचं बिल असतं. समजा मर्यादा १,००,००० आहे आणि एरवी तुम्ही १५,००० वापरता. एखाद्या महिन्यात विमानाची तिकिटं काढली आणि बिल ७०,००० झालं. तुम्ही ते वेळेवर पूर्ण भरणार आहात, पण बँकेने ब्युरोला आकडा कळवला त्या दिवशी ७०,००० बाकी होते. स्कोअर तेच बघतो. जानेवारी २०२५ पासून संस्थांनी किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवायची आहे, त्यामुळे बिल भरल्यावर हा उतार पूर्वीपेक्षा लवकर भरून निघतो. ३०० ते ९०० च्या मोजपट्टीवर ७८० चा ७५८ झाला, तर कर्ज मिळण्यात सहसा काही फरक पडत नाही. तुम्ही येत्या दोन-तीन महिन्यांत गृहकर्ज काढणार असाल, तरच या अंकांची चिंता करा आणि तोवर दुसरा कुठलाही अर्ज टाकू नका. ती चौकशी खोटी ठरून निघाली, की तिच्यामुळे गेलेले अंकही परत येतील.

शेवटचा प्रश्न, पैसे भरून मॉनिटरिंग घ्यावं का. बहुतेकांना गरज नाही. चौकशीचा आणि थकबाकीचा मेसेज नियमानेच फुकट येतो. २०१७ पासून प्रत्येक ब्युरोला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. चार ब्युरो आहेत, म्हणून चारही रिपोर्ट एकदम न काढता दर तिमाहीला एकाचा काढा, वर्षभर नजर राहते. कर्जखात्यांची माहिती चारही ठिकाणी जात असल्याने, कुणी खोटं खातं उघडलं असेल तर ते या फेऱ्यात कुठे ना कुठे सापडतंच. मात्र अलर्ट नोंदवलेल्या नंबरवर आणि ईमेलवरच येतो, त्यामुळे मोबाइल नंबर बदललात तर चालू आणि जुन्या सगळ्या कर्जसंस्थांना कळवा. नऊ वर्षांपूर्वी घेतलेलं कार्ड वापरत नसलात, तरी तिथला नंबर तुमचाच हवा. संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं, ते बघून अनोळखी नंबर तिथूनच कळवा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. आणि पॅनची झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं, अक्षरांवरून जाईल असं, कुणाला, कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिली ते लिहा.

पैसे भरून सेवा घेण्याला अर्थ आहे तो तुमच्या नावावर खरंच खोटं खातं उघडलं गेलं असेल तर. कागदपत्रं चोराच्या हाती आहेत आणि तो पुन्हा प्रयत्न करणार, तेव्हा सहा महिने रोजच्या रोज रिपोर्ट बघायला मिळणं उपयोगी पडतं. तुमच्या बाबतीत कंपनीचं उत्तर येईपर्यंत थांबा. घेतलीच, तर वर्षाची न घेता कमी मुदतीची घ्या आणि पैसे भरतानाच आपोआप नूतनीकरणाची खूण काढून टाका.